गावातल्या गावात

उज्ज्वलाबाई थोपट्यांच्या बोलण्यात एक वाक्य हटकून यायचं. "आमची ईश्वरी ना, गावातल्या गावात दिलीय." हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही खुलायचा, की समोरच्या बाईची मुलगी कॅनडात किंवा गेला बाजार नागपुरात असेल, तर तिला उगाचच आपलं काहीतरी चुकलं असं वाटावं.

आता हे गाव केवढं, ते बघा. थोपटे राहायचे फुरसुंगीत आणि ईश्वरीचं सासर तळेगावात. मध्ये अख्खं पुणं, अख्खं पिंपरी-चिंचवड आणि त्यापलीकडे देहूरोड. काही वर्षांपूर्वी सरकारनं या सगळ्याची मोट बांधून एकच महानगर केलं होतं. लोकसंख्या दीड कोटीच्या वर. महापौर एक, पाणीपट्टी एक, वेशीवरच्या कमानी तेवढ्या नव्या. फुरसुंगीहून तळेगावला जायचं म्हणजे आधी बस, मग एक मेट्रो, मग दुसरी मेट्रो आणि शेवटी रिक्षा. सकाळी नाश्ता करून निघालेला माणूस जेवणाच्या वेळेला पोचला तरी मिळवली. पण गाव म्हणे एकच!

लग्नाच्या बैठकीत विलासराव थोपटे भलतेच मोकळे झाले होते. "माहेरपण, सणाला नेणं-आणणं, कशाचाच आमचा आग्रह नाही," ते व्याह्यांना म्हणाले होते. "गावातल्या गावात तर आहे. हाक मारली की पोर येईल." विजयाताई मालपोटे, म्हणजे होणाऱ्या विहीणबाई, त्यावर समाधानानं हसल्या. उज्ज्वलाबाईंनीही मान डोलावली. झालं, तेव्हापासून तीन वर्षांत ईश्वरी माहेरी एक रात्रही राहिली नव्हती.

तिला कुणी अडवलं होतं असं नाही हो. मालपोटे मंडळी चांगलीच होती, नवरा शार्दूलही समजूतदार. पण परगावची लेक बॅग घेऊन येते, चार दिवस राहते. गावातली लेक पर्स घेऊन येते आणि संध्याकाळी जाते. गावातल्या गावात मुक्काम कसला करायचा? लोक म्हणतील, भांडून आली की काय. मग यायचं ते दिवाळीला, भाऊबीजेला, जेवणापुरतं. आल्या आल्या पंधरा मिनिटं प्रवासाचा शीण, मग जेवण, आणि हात वाळतोय न वाळतोय तोच, "निघते गं, आई, नाहीतर दुसरी मेट्रो गच्च भरते."

उज्ज्वलाबाईंचं जाणंही तसंच. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही त्यांच्या आईची शिकवण. आई गेली, पण शिकवण राहिली. विलासराव खुशाल लेकीकडे दोन-दोन कप चहा ढोसायचे. या मात्र कोरड्या घशानं सोफ्याच्या कडेवर बसायच्या आणि उन्हं कलायच्या आत निघायच्या. अशा भेटीत बोलणं ते काय होणार! तब्येत बरी का, बरी. काम बरं का, बरं.

ईश्वरीचं काम होतं शहरं मोजण्याचं. नागरमापन केंद्र नावाच्या संस्थेत ती संख्याशास्त्रज्ञ होती. एका रविवारी ती आली ती दोन मणी घेऊनच. हिरवट रंगाचे, ज्वारीच्या दाण्याहून थोडे मोठे.

"हे जवळ बाळगायचे," ती म्हणाली. "मोजणीसाठी आम्ही लाखो लोकांना दिलेत."

"आणि हे करतात काय? आम्ही काय बोलतो ते ऐकतात?" विलासरावांनी मणी कानाशी धरला.

"तुम्ही काय बोलता ते ऐकून कुणाचं काय भलं होणारे, पप्पा? हा मणी फक्त दुसरा मणी शेजारून गेला की लक्षात ठेवतो. नाव नाही, गाव नाही. हा आपल्याला आधी भेटला होता की नाही, एवढंच. काही मणी चौकातल्या खांबांवर बसवलेत, ते आपले जागेवरच असतात." मग तिनं पोह्यांची बशी पुढे ओढली. "मला सांगा, तळ्यात मासे किती आहेत हे तळं न उपसता कसं मोजाल?"

"तुझ्या आईला विचारून. तिला सगळं ठाऊक असतं."

"पप्पा!" ईश्वरी हसली. "शंभर मासे पकडायचे, त्यांना खूण करायची आणि सोडून द्यायचे. थोड्या दिवसांनी पुन्हा शंभर पकडायचे. त्यात खुणेचे दहा निघाले, तर याचा अर्थ तळ्यातल्या दर दहा माशांमागे एक खुणेचा. खुणा आपण शंभर केल्या होत्या. म्हणजे तळ्यात मासे साधारण हजार. खुणेचे जास्त सापडले तर तळं लहान, एखाददुसराच सापडला तर तळं मोठं. माणसांचंही तसंच. तुम्हाला दिवसभरात जे भेटतात, त्यातले पुन्हा पुन्हा भेटणारे किती आणि नवे किती, यावरून कळतं की तुम्ही प्रत्यक्षात केवढ्या शहरात राहता."

"दीड कोटींच्या," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

"तेच तर बघायचंय, आई. माणूस रोज जाऊन-येऊन तासभर फिरतो, फार तर दीड तास. बैलगाडी होती तेव्हाही तेवढंच, आता मेट्रो आहे तरी तेवढंच. शहर त्याच्या पलीकडे वाढलं की माणूस आपला फेरा आवरतो. मग शहर वाढतं, पण त्याचं तळं वाढत नाही."

विलासरावांनी आपला मणी स्कूटरच्या किल्लीला अडकवला. उज्ज्वलाबाईंनी मंगळसूत्रात, काळ्या मण्यांच्या शेजारी ओवून घेतला. लेकीनं दिलेली वस्तू, कुठेतरी धूळ खात कशाला ठेवायची?

चार महिन्यांनी फोनवर आकडे आले. उज्ज्वलाबाईंचं शहर निघालं एकतीस हजारांचं. विलासरावांचं नऊ हजारांचं.

"नऊ हजार!" विलासराव खुर्चीतून उठलेच. "अगं, ही तर ग्रामपंचायत झाली. सरपंचपदाला उभा राहू का?"

"राहा. मी मत देणार नाही," उज्ज्वलाबाई म्हणाल्या, आणि दोघंही हसत सुटले.

पण पुढच्याच आठवड्यात वर्तमानपत्रात नकाशा आला आणि उज्ज्वलाबाईंचं हसू मावळलं. कच्चा नकाशा होता, अंतिम मोजणी अजून तीन महिने चालायची होती. दोन भागांतल्या माणसांची तळी एकमेकांत किती मिसळतात ते मोजून महानगराचे तुकडे पाडले होते. एकूण अकरा. एकेका तुकड्याला नाव दिलं होतं 'अनुभवनगर'. पुढाऱ्यांनी तर थयथयाट केला. दीड कोटींचं शहर म्हणून मिरवायचं आणि हे अकरा कुठून आले? टेकडीवरच्या एका कॉलेजातले प्राध्यापक म्हणाले, आम्हाला हे आधीपासूनच ठाऊक होतं. उज्ज्वलाबाईंनी चष्मा लावून फक्त दोनच ठिपके शोधले. फुरसुंगी पिवळ्यात होती. तळेगाव निळ्यात होतं. मध्ये तीन रंग होते.

"काय हो," महिला मंडळातल्या घुलेबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुमची ईश्वरी परगावची झाली की! आमच्या प्राचीसारखीच." घुलेबाईंची प्राची इंदूरला दिली होती.

उज्ज्वलाबाईंनी घरी येऊन तडक फोन लावला. "ईश्वरी, आपण एका गावात नाही?"

"पालिकेच्या हिशेबानं आहोत, आई."

"मी तुझ्या हिशेबानं विचारतेय."

"माझ्या हिशेबानं..." ईश्वरी अडखळली. "तुला भेटणाऱ्या हजार माणसांतला एकही मला भेटत नाही गं. मला भेटणारा तुला भेटत नाही. मी काय करू? आकडे आहेत ते."

"आकडे!" म्हणून उज्ज्वलाबाईंनी फोन ठेवला. मग बराच वेळ त्या ओट्याशी उभ्या होत्या. इतकं वाईट त्यांना ईश्वरीच्या पाठवणीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मनाला समजावायला काहीतरी होतं. आता तेच या पोरीनं स्वतःच्या हातानं काढून घेतलं होतं.

पण थोपट्यांच्या घरची बाई अशी हार मानणार होय! मासे आणि तळं त्यांना नीट समजलं होतं. फुरसुंगीचा मासा तळेगावच्या तळ्यात वरचेवर सापडायला लागला, तर यंत्राला मानावंच लागेल की तळं एक आहे. एका मण्यानं काय होणार, असा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. पण आपल्यापुरतं तरी खरं होईल ना?

पुढच्या गुरुवारी त्या निघाल्या. विलासरावांना सांगितलं, भजनी मंडळाची शिकवणी आहे.

तळेगावच्या भाजीबाजारात, चिंचेखाली, रंजनाबाई नावाची एक भाजीवाली बसायची. तिच्या शेजारी ओटा होता. उज्ज्वलाबाई तिथे टेकल्या. पहिल्या गुरुवारी रंजनाबाईनं विचारलं, "काय पायजे, ताई?" दुसऱ्या गुरुवारी म्हणाली, "कुणाची वाट बघताय का?" तिसऱ्या गुरुवारपर्यंत दोघी मिळून गवारीच्या शेंगा निवडायला लागल्या होत्या. नारळवाला ओळखीचं हसायला लागला. शाळा सुटल्यावर पोरींचा एक घोळका जायचा, त्यातली एक यांना बघून हात हलवायची. उज्ज्वलाबाईंना मनातून गुदगुल्या व्हायच्या. मोज म्हणावं, मेल्या मण्या!

ईश्वरीचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. निघताना त्या दर वेळी त्या गल्लीच्या तोंडाशी जायच्या. बाल्कनीत ईश्वरीचा पंजाबी ड्रेस वाळत असायचा. तो बघायच्या आणि मागे फिरायच्या. आत जायचं कसं? लेकीच्या सासरी रिकाम्या हातानं जायचं नाही आणि हातात काही घेऊन दर आठवड्याला गेलं, तर विहीणबाईंना वाटायचं, ही पाळतीवर येते. शिवाय ईश्वरी कामावर गेलेली. आणि विचारलंच कुणी, तर काय सांगायचं? की मी यंत्राशी भांडायला येते?

असे सहा-सात गुरुवार झाले असतील. त्या दिवशी उज्ज्वलाबाई मेथीची जुडी सोडत होत्या. समोर चपला येऊन थांबल्या. त्यांनी वर पाहिलं.

ईश्वरी उभी होती. कामावरून तशीच आलेली, गळ्यात ओळखपत्र. तिचे डोळे भरून आले होते.

"आई, तू इथे काय करतेस?"

"मी? मेथी निवडतेय," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. दुसरं काही सुचलंच नाही.

"लेक काय तुमची?" रंजनाबाईनं विचारलं. "बोलला नाई कधी!"

बाजाराच्या तोंडाशी उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. दोघी तिथे बसल्या. रस्त्यावरचं काही लेकीच्या घरचं होत नाही आणि पैसे उज्ज्वलाबाईंनीच दिले, त्यामुळे प्यायला हरकत नव्हती.

"तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. तळेगावच्या आकड्यांत एक मणी दिसायला लागला. नाव नसतंच. पण खांबांवरून कळतं, मुक्कामाला फुरसुंगीत, आणि दर गुरुवारी इथे. असं कुणी येत नाही, आई. नोकरीवाला रोज येतो, पाहुणा एकदा येतो. हा मणी बाजारातल्या खांबापाशी दुपारभर बसायचा. मला वाटलं, मणी बिघडला असेल. म्हणून जरा नीट पाहिलं." तिनं पेला खाली ठेवला. "परत जाताना हा मणी दर वेळी आमच्या गल्लीच्या खांबापर्यंत यायचा. तिथे थोडा वेळ थांबायचा आणि परत फिरायचा. मग मला कळलं."

उज्ज्वलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "आकडा वाढला का गं माझा?"

"वाढला. तळेगावातले सत्तरएक जण आता तुझ्या तळ्यात आहेत. माझ्याही तळ्यात तेच आहेत. तो नारळवाला तर दोघींनाही भेटत असणार."

"बघ!"

"पण नकाशा तसाच आहे, आई. तो तुझ्या एकटीनं कसा हलेल? आणि खरं सांगू? तो हलू नये असंच मला वाटतं."

उज्ज्वलाबाईंना चटका बसला. "परकी व्हायचंय तुला?"

"अगं, परकी मी आत्ताच आहे!" ईश्वरीचा आवाज चढला. शेजारच्या बाकावरच्या माणसानं वळून पाहिलं, तेव्हा ती हळू बोलायला लागली. "तीन वर्षांत मी तुझ्याशी दोन तास सलग बोलले आहे का? मला गेल्या वर्षी किती त्रास झाला. दिवस राहिले होते, गेले. तुला फोनवर सांगितलं. तू आलीस, सोफ्यावर बसलीस, पाणी न पिता गेलीस. मला तुझ्याकडे येऊन नुसतं पडून राहायचं होतं. पण गावातल्या गावात कशाला, असं सगळे म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, शार्दूल म्हणाला. तूही म्हणालीस, आई. तू म्हणालीस, 'अगं, मी काय लांब आहे?'"

आपण तसं म्हणालो होतो, हे उज्ज्वलाबाईंना लख्ख आठवलं. धीर द्यायला म्हणाल्या होत्या त्या.

"हा नकाशा पक्का झाला की नियम बदलणारेत," ईश्वरी म्हणाली. "आईवडील दुसऱ्या अनुभवनगरात असतील, तर ते परगाव धरायचं. बदलीला, शाळेला, रजेला, सगळ्याला. मला वर्षातून आठ दिवसांची परगावरजा मिळेल. पण रजा मिळून काय करू? घरी काय सांगू? बैठकीत पप्पांनीच शब्द दिला होता ना."

चरकाची घुंगरं वाजत होती. उज्ज्वलाबाई उठल्या. "चल."

"कुठे?"

"तुझ्या घरी."

विजयाताई दुपारची झोप काढून नुकत्याच उठल्या होत्या. दारात विहीणबाई बघून त्यांची धांदल उडाली. "अगंबाई, कळवायचं तरी! बसा, बसा. तुम्ही चहा घेणार नाही, मला माहितीय, पण..."

"ताई, मी एक मागायला आलेय," उज्ज्वलाबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. बसलं की धीर जाईल, अशी त्यांना भीती वाटत होती. "आमच्या यांनी बैठकीत जो शब्द दिला, तो चुकीचा होता. मीही मान डोलावली, माझंही चुकलं. आम्ही पोरगी गावातल्या गावात दिलेली नाही. परगावी दिलीय. तिला आठ दिवस माहेरपणाला पाठवा."

विजयाताई बघतच राहिल्या. "अहो, पण भांडण वगैरे झालंय का काही?"

"छे हो. तुमच्याइतकी चांगली माणसं मिळाली म्हणून तर हिंमत करून मागतेय."

विजयाताईंनी सुनेकडे पाहिलं. ईश्वरी खाली मान घालून नखानं ओळखपत्राची फीत खरवडत होती. मग विजयाताई सावकाश खुर्चीत बसल्या.

"माझं माहेर मंचरचं," त्या म्हणाल्या. "इथून तेवढंच लांब असेल, जेवढी फुरसुंगी. पण ते गाव वेगळं पडलं ना. भाऊ न्यायला यायचा. दरवर्षी आठ-दहा दिवस जायचे मी. आमच्या सासूबाई कडक होत्या, पण माहेरपणाला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती." त्या थांबल्या. "मग हिला मी का पाठवलं नाही? माझ्या डोक्यातच आलं नाही बघा. एकाच गावात आहे म्हणून." त्यांनी एकदम ईश्वरीला विचारलं, "तुला जायचं होतं का गं? गेल्या वर्षी, त्या वेळेला?"

ईश्वरीनं होकारार्थी मान हलवली.

"बोलायचंस की, बाळा," विजयाताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चिरकला.

नकाशा पक्का व्हायची वाट कुणी पाहिली नाही. ईश्वरीनं साठलेली रजा काढली. विलासराव स्वतः तिला आणायला तळेगावला गेले, चांगला इस्त्रीचा सदरा घालून. बैठकीतल्या आपल्या भाषणाबद्दल ते वाटेत लेकीला काय म्हणाले कोण जाणे, पण घरी आले तेव्हा दोघांचेही डोळे लाल होते आणि विलासराव म्हणत होते की मेट्रोत एसीचा फार त्रास होतो.

उज्ज्वलाबाईंनी बोलायचं काय काय ठरवून ठेवलं होतं. तीन वर्षांचं साठलेलं. पण ईश्वरी जेवली, आपल्या जुन्या खोलीत गेली आणि झोपली ती झोपलीच. दुसऱ्या दिवशी सकाळ झाली, ऊन गॅलरीतून आत आलं, तरी तिचा पत्ता नाही. उज्ज्वलाबाईंनी कुकर लावला नाही, शिट्टीनं जाग येईल म्हणून. दारावर घुलेबाई आल्या, त्यांना तोंडावर बोट ठेवून परत पाठवलं. विलासराव दोनदा डोकावून गेले. "उठव की तिला. दिवस चाललाय."

"जाऊ दे," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "पुष्कळ आहेत."

दुपार व्हायला आली तेव्हा कुठे ईश्वरी स्वयंपाकघरात आली. केस विस्कटलेले, गालावर उशीचे वळ. ओट्याला टेकून तिनं पातेल्यावरचं झाकण उचललं आणि वास घेतला.

"आमटी?"

"आमटी. आणि भरली वांगी."

"मस्त." तिनं एक शेंगदाणा तोंडात टाकला, जांभई दिली आणि सहज विचारलं, "आणि रात्री काय करणारेस?"

उज्ज्वलाबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. रात्रीच्या जेवणाचं या पोरीनं लग्नानंतर एकदाही विचारलं नव्हतं. विचारायची वेळच आली नव्हती.

"तू सांगशील ते," त्या कशाबशा म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आवरेना.